नऊ नंबरची खाट

शीला सिस्टरच्या घटना-नोंदवहीत चौदा महिने एकच शब्द होता : निरंक. म्हणजे त्या त्या महिन्यात रुग्णालयात एकही चूक घडली नाही. मी जिल्ह्याहून तपासणीला आलो होतो.

“बोंडअळीच्या सालीही निरंक, सिस्टर?”

“निरंक लिहिलं की वरून फोन येत नाही, साहेब. तुम्हीबी पूर्ण मार्क देता अन् चहा पिऊन जाता.”

चहाचा कप माझ्या हातातच होता.

सिस्टर दिग्रसच्या. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. घरातली पहिली नोकरी यांची. कागद हरवतात म्हणून डोस तळहातावर लिहून ठेवायची त्यांना एकवीस वर्षांची सवय. माझ्यासमोर मात्र तळहात कोरा होता. तो पुसत पुसत त्यांनी बोंडअळीच्या सालाचं सांगितलं.

त्या सप्टेंबरात कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा झालेले मजूर रोज येत होते. एका खाटेवर दोघं, एकाचं डोकं भिंतीकडे, दुसऱ्याचं वाटेकडे. केसपेपर ज्याच्या त्याच्या उशाशी अडकवलेला. नऊ नंबरवर भिंतीकडे तांड्यावरचा खेमसिंग, वाटेकडे पंजाबराव. पंख्याचा वारा फक्त वाटेकडे यायचा. खेमसिंगचा जीव घाबरा झाला, म्हणून दुपारी दोघांनी टोकं बदलली. कागद जागच्या जागी राहिले.

दोन वाजता सिस्टर पाळीवर आल्या. त्यांनी कागद वाचला, नाव विचारलं नाही. विष उतरवायच्या औषधाची खेमसिंगची मोठी मात्रा दोन तास पंजाबरावला जात राहिली. चारला जास्त औषधानं पंजाबराव बरळायला लागला, हवेतच कापूस वेचायला लागला, तेव्हा कळलं. तो सावरला. खेमसिंग दुसऱ्या दिवशी गेला. कागदावर लिहिलं गेलं : ‘उशिरा आणले.’

“त्याची बायको सोनीबाई,” सिस्टर म्हणाल्या, “तिनं आधी घरी ताक पाजलं होतं. म्हणूनच मेला असं तिले वाटते. सासराबी तेच म्हणते. बाजारात भेटली तर माह्याच पाया पडली.”

माझ्या फॉर्मात एक रकाना होता : नातेवाइकांना सांगितले काय? आजवर तो रिकामाच पाहून मी पान उलटत आलो होतो.

“तेवढं राह्यलं,” त्या म्हणाल्या. “येता काय सोबत?”

तांड्यावर सोनीबाई अंगणात तूर पाखडत होती. ओसरीवर सासरा, देवीलाल. सिस्टर सुपासमोर खालीच बसल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

सूप थांबलं.

“मंग ताकानं नाही मेला?”

“ताकानं नाही.”

“बरोबर औषध भेटलं असतं तर वाचला असता?”

“ते मले सांगता येत नाही, बाई. विष लय होतं. पण त्याचं औषध दोन तास दुसऱ्याले गेलं, ते माह्या हातानं.”

सोनीबाईनं सुपातली तूर हातानं सारखी केली. मग हळूच म्हणाली, “पंजाबरावले म्याच म्हणलं होतं. भाऊ, याले पंख्याखाली येऊ द्या.”

सिस्टरचा चेहरा उतरला. हे त्यांना माहीत नव्हतं.

“जागा कोणीबी बदलन,” त्या म्हणाल्या. “नाव विचारणं माह्यं काम होतं. तुह्यं नाही.”

“म्या हलवलं नसतं तर...”

“नाव विचारणं माह्यं काम होतं.”

सोनीबाईनं ओसरीकडे पाहिलं. “हे त्यायले सांगा. वरीस झालं, माह्या हातचं पाणी पीत नाहीत.”

सिस्टर उठून ओसरीशी गेल्या. देवीलालसमोर उभं राहून पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पंख्याचं, कागदाचं, दोन तासांचं. म्हातारा काठीनं जमीन कोरत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “सोनी, पाणी आण.”

ती आत गेली. रांजणावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही, आणि मग तिचं रडणं. पाणी आलं नाही.

परतताना बसमध्ये सिस्टरनं नोंदवही मांडीवर घेतली. सप्टेंबरच्या ‘निरंक’वर आडवी रेघ मारली आणि लिहायला सुरुवात केली. रस्ता खराब होता, अक्षर हलत होतं. ‘नातेवाइकांना सांगितले काय?’ या शेवटच्या रकान्यापाशी त्या थांबल्या.

“काय लिहू, साहेब? सांगितलं असं लिहू?”

मी वहीची हलती कड धरून ठेवली. त्यांनी ‘सांगितले’ लिहिलं, आणि खाली सही केली.