कंसातलं दुसरं पद

खडूचं टोक कंसावर टेकवून बाई विचारायच्या, "कोण राहिलं गं?" मी फळ्याकडं बघायची. तीन, आणि कंसात क्ष अधिक पाच. मी सोडवलेलं असायचं, तीन क्ष अधिक पाच.

"तीन घरी आला, क्षला भेटला आणि तसाच परत गेला? आत पाच बसलाय की. त्याला काय वाटेल?"

अशा मोठ्या आवाजाच्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. मी भंडाऱ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन कसबा बावड्यात आले. नवरा साखर कारखान्यात. इथली माणसं चढ्या आवाजात बोलायला लागली की वाटायचं, रागावलीत, आपलंच काहीतरी चुकलं. बालवाडीत शिकवायची जागा निघणार होती, पण मॅट्रिक झालेलीलाच. बाहेरून परीक्षेला बसले आणि बीजगणितात नापास झाले. मंगळवार पेठेतल्या या निवृत्त बाई दुपारी बायकांना शिकवतात असं कळलं, तशी भीत भीत त्यांच्याकडं गेले.

बाईंचं गणित स्वयंपाकघरातून यायचं. चहा करू, आणि पोहे किंवा शिरा, असं कुणी म्हणालं की त्या लगेच कंस घालायच्या. "म्हणजे चहा-पोहे, नाहीतर चहा-शिरा. शिरा खाणाऱ्याचा चहा तोडायचा नाही."

माझी चूक मात्र सुटेना. एकदा त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "घरी जेवतेस कधी?"

सगळ्यांचं झाल्यावर, मी म्हणाले. उरलं तर.

त्या दिवसापासून आधी ताट, मग फळा. मी जेवताना त्या शिकवायच्या नाहीत, नुसत्या समोर बसायच्या.

पेपराच्या सकाळी नणंदेच्या सासरचे पाहुणे न सांगता आले. पीठ मळता मळता मी मनातून परीक्षा सोडून दिली. मला धीर नाही हे ओळखून बाई मला परीक्षेला न्यायला आल्या होत्या. त्यांनी चुलीकडं पाहिलं, पदर खोचला आणि काटवटीपुढं बसल्या. "ऊठ तू. भाकऱ्या मी थापते."

त्या हातांना भाकरीची सवय नव्हती. पहिली तव्यावर पडली तीच फाटून. एका कडेला जाड, दुसरीकडं भोक. सासूबाई दारातून बघत होत्या. पिठाचे हात धुऊन मी तिथंच थांबले. मग त्याच पुढं आल्या.

"बाई, उठा तुमी. पावणं उपाशी जातील न्हायतर. मी हाय की." आणि माझ्याकडं वळून, "तू कशाला थांबलीस? जा की."

मी पास झाले. निकाल कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, मीबी येते. पेढे घेऊन दोघी मंगळवार पेठेत गेलो. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, बाई शिकवणीच्या सुट्टीत बहिणीकडं सांगलीला गेल्या होत्या, तिथंच वारल्या.

सासूबाई कुलपाकडं बघत उभ्या राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "भाकरी लई वंगाळ थापली हुती त्यांनी. पावण्यांस्नी न्हाय वाढली. मीच खाल्ली."