घोटीव बर्फ

वजीर मेला असेल आणि ते आपल्याला चार दिवसांनी कळेल, ही भीती दिलशादबाईंच्या मनातून काही केल्या हलत नव्हती. वर्गात मुलींना पाढे म्हणायला लावून त्या खिडकीबाहेर बघत. शिवनेरीच्या अंगावर सकाळचं धुकं उतरलेलं दिसलं की पाढा कुठवर आला ते त्या विसरत. १९३५ सालचा जानेवारी होता, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा काश्मिरात बर्फाच्या डोंगरावर होता.

वजीर जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यातला. बाप लहानपणीच गेला, आणि पोरगा चुलत्याच्या, जलालच्या, हाताखाली वाढला. हौदात कागदाचा लगदा कालवायचा, साच्यावर ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटण्यात वजीरचा हात धरणारं मोहल्ल्यात कुणी नव्हतं. खरबरीत ताव वाण्याच्या पुड्यांना जाई; घोटीव ताव पुण्याच्या सावकारांच्या पेढ्यांवर. घोटीव म्हणजे पहिल्या प्रतीचं, यापलीकडे त्या घरात चांगल्याची दुसरी व्याख्या नव्हती.

पण जलालचा स्वभाव करवतीसारखा, आणि दिलशादबाई पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेल्या. त्यांनी मुलाला इंग्रजी शिकवलं, आणि दिरानं त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. पुढे खडकीच्या छावणीतला एक कॅप्टन नाणेघाट बघायला आला. त्याला इंग्रजी समजणारा चुणचुणीत पोऱ्या आवडला, आणि वजीर त्याच्याबरोबर निघून गेला. कॅप्टन काश्मिरातल्या एका क्लबाचा चिटणीस होता. या क्लबातले साहेबलोक पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत. वजीरचं काम असं, की उजाडताच बाहेर जायचं, काठी रोवून बर्फ किती साठलाय ते बघायचं, हातानं चाचपायचं, वारं आणि आभाळ बघायचं, आणि आज बर्फ कसा आहे, उद्या कसा असेल, ते कारकुनाला सांगायचं. कारकून ते खाली कळवी. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात हवामानाच्या रकान्याखाली त्याची एक-दोन ओळींची बातमी येई.

ती ओळ वाचायला दिलशादबाई रोज शाळा सुटल्यावर वाचनालयात जात. पेपर एक दिवस उशिरा येई. तिथला शिपाई भगवंत त्यांना तो हातात न देता टेबलावर टाकत असे.

“बाई, आमी हितं शेकोटीला गवऱ्या मागतोय, आन तुमाला अजून बर्फ पायजे व्हय?” एकदा त्यानं चारचौघांत विचारलं. लोक हसले. बाईंचं बोट रकान्यावरून खाली सरकत राहिलं. ओळ छापून आली म्हणजे पोरगा जिवंत आहे, त्याचे हात चालताहेत. शब्दही त्याचेच असत. ‘वरून वाळलेला, खालून ओला’ असं बर्फाबद्दल कोण लिहिणार? ते भिंतीवरच्या तावाचं बोलणं होतं.

शुक्रवारी ओळ जरा मोठी होती. बर्फ पॉलिश्ड, फर्स्ट क्वालिटी. आकाश निरभ्र, रविवारपर्यंत नवा बर्फ नाही. रविवारी उताराची शर्यत.

दिलशादबाईंना हसू आलं. घोटीव! तीन महिन्यांत पहिल्यांदा पोराच्या पसंतीला उतरला होता तो डोंगर. त्यांनी ओळ मनात घोकली आणि घरी न जाता सरळ जलालच्या कारखान्यात गेल्या. निव्वळ आनंद सांगायला नव्हे, त्याला खिजवायलाही. पुतण्याचा शब्द मुंबईत छापून येतो, तुझं नाव मोहल्ल्याबाहेर कुणाला ठाऊक आहे, हे त्याला ऐकवायचं होतं.

त्यांनी ऐकवलं. जलालनं घोटायचा दगड खाली ठेवला नाही. शब्द आमच्या हौदातला, पगार साहेबाचा आणि मिजास भाभीची, असं तो कागदाकडे बघतच म्हणाला. आणि साहेबाला घोटीव कळतं का, हेही विचारलं. त्यावर उलट उत्तर द्यायला दिलशादबाई एक पाऊल पुढे सरकल्या. त्यांचा पाय फरशीवर पडलेल्या एका घोटीव तावावर पडला. दुसऱ्या क्षणी त्या आडव्या झाल्या होत्या आणि मनगट हौदाच्या काठावर आपटलं होतं.

जलाल उठला नाही. “भाभी, घोटीवावर पाय देतं का कुणी? एवढंसुद्धा तुमच्या कॉलेजात शिकवलं नाही?”

मनगट धरून त्या तशाच बसून राहिल्या. कळ खांद्यापर्यंत जात होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे मनगट नव्हतं. दगडासारखा घट्ट, चकाकणारा उतार होता, त्यावर फळ्या बांधलेली माणसं होती, आणि खाली उभा राहून अभिमानानं ‘फर्स्ट क्वालिटी’ म्हणणारा त्यांचा मुलगा होता. रविवारपर्यंत नवा बर्फ पडणार नव्हता. तो उतार तसाच राहणार होता, आणि त्यावरून घसरणाऱ्याला स्वतःला आवरता येणार नव्हतं.

त्यांनी जलालला सगळं सांगितलं. साहेबाची मान मोडली तर पहिलं बखोट धरतील ते वजीरचं, हेही सांगितलं. वर तार पोचायला दोन दिवस लागतात, कारण तिथल्या घाटापासून वर ती माणूस चालत नेतो, हे वजीरनंच लिहिलं होतं. कॅप्टन मात्र या आठवड्यात खडकीत होता, आणि त्याच्याकडे लष्कराचं बिनतारी यंत्र होतं; त्यावरून निरोप त्याच दिवशी वर पोचला असता. आणि नारायणगावला मोटार कंपनीच्या कचेरीत नुकताच फोन बसला होता.

जलालनं आता दगड बाजूला ठेवला. पहिल्यांदाच तो खूश दिसला.

“करा ना फोन. साहेबाला सांगा, माझ्या पोराला बर्फातलं काही कळत नाही. उद्याच हाकलतील. त्याच्या बापाची जागा रिकामीच ठेवलीय मी.” त्यानं पायानं हौदाजवळचा पाट पुढे सरकवला.

त्या पाटाकडे दिलशादबाई बघत राहिल्या. त्याच पाटावर बसून त्यांच्या नवऱ्याची पाठ वाकली होती, आणि छातीत लगद्याची ओल भरून तो गेला होता. पोराला तिथून उठवण्यासाठी त्यांनी सासर-माहेर दोन्हीकडची बोलणी खाल्ली होती. फोन केला की वजीर याच माणसाच्या पायाशी परत येणार. नाही केला तर कदाचित काहीच होणार नाही; शर्यत होईल, साहेब हसत खाली येतील.

‘कदाचित’ या शब्दावर त्या थांबल्या.

“या पाटावर धूळच बसू दे,” त्या उठत म्हणाल्या. “तो आला तर माझ्या घरात बसेल. तुझ्या नाही.”

जलाल मागून काहीतरी बोलत राहिला. त्यांनी ऐकलं नाही. सकाळची नारायणगावची पहिली मोटार कधी सुटते ते त्यांनी नाक्यावर विचारलं, सुजलेल्या मनगटावर ओढणीची पट्टी आवळली आणि चालता चालता इंग्रजी वाक्य जुळवू लागल्या. फोन कॅप्टनच्या मडमेनं उचलला तर आधी काय सांगायचं? वजीरचं नाव, की घोटीव म्हणजे काय ते?

घोटीव म्हणजे काय, ते आधी. नाव पलीकडून विचारल्यावर.