काटकोनातले सर

वसईच्या खाडीपासून विरारच्या डोंगरापर्यंत माणसाने उभारलेली एकही गोष्ट काटकोनात नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्यांनी ते स्वतः तपासलेलं आहे. ते म्हणजे आमच्या हायस्कुलातले वर्कशॉपचे सर. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. सरांच्या खाकी एप्रनच्या खिशात पेनाऐवजी गुण्या असतो, काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार. तो त्यांनी फळ्याला लावलाय, मोठ्या बाईंच्या टेबलाला लावलाय आणि माझ्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत मांडवाच्या खांबाला लावून, खांब कलल्याचं मला मागच्या रांगेतून खुणेने कळवलंय. मी त्या वेळी अंतरपाटाआड होते, तरी मला ते कळलं, एवढी ती खूण कळकळीची होती.

आठवीत तांत्रिक विषय घेणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि एक कानस देतात. "याचा ठोकला कर. सगल्या बाजू सारख्या." हे घासणं दिवाळीपर्यंत चालतं. मूल ठोकळा घेऊन आलं की सर तो गुण्याला टेकवून खिडकीकडे धरतात आणि फटीतून केसाएवढा प्रकाश आला तरी परत पाठवतात. "निबंध लिहिण्यापेक्षा सोपंच की," असं मी एकदा गमतीने बोलून गेले. त्यांनी माझ्या हातात कानस दिली. तिसऱ्या तासाला माझ्या तळव्याला फोड आला आणि ठोकळ्याला पोट सुटलं. "बाई, लोखंड रागवत नाय," ते म्हणाले, "पन फसत पन नाय." त्या दिवसापासून मी वर्कशॉपच्या दारात देवळासारख्या चपला काढते.

शनिवारी त्यांचं हत्यार मंडळ भरतं. त्यात मुलीच जास्त. शाळेचे पंखे, पाण्याचा पंप, शिवणवर्गाची मशीनं, सगळं त्याच दुरुस्त करतात. सर नुसते बाजूला उभे राहून सांगतात. पूर्वी ते स्वतः करून दाखवायचे. आता वयामुळे कंटाळत असतील, असं मी धरून चालले होते.

गेल्या श्रावणात शिशुवर्गातल्या एका चिमुरडीने मैदानात सापडलेला जाडजूड पोलादी नट अंगठी म्हणून बोटात घातला. तासाभरात बोट सुजून जांभळं झालं. साबण झाला, तेल झालं, बर्फ झाला. मुलगी किंचाळत होती. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरबाई धावत आल्या आणि बोट बघून म्हणाल्या, "माझ्याकडे सोन्याची अंगठी कापायचं कटर आहे, हे पोलाद आहे. अग्निशमनवाले निघालेत, पण कामणच्या रस्त्यावर अडकलेत. आणि बोट जास्त वेळ थांबणार नाही."

तेवढ्यात सर आले. त्यांनी बोट पाहिलं, नट पाहिला आणि हाक मारली ती मंडळाच्या प्रमुख मुलीला. तुळिंजची, नववीतली, वेण्या वर बांधलेली.

"सर, मी?" ती पांढरीफटक पडली. "तुम्ही करा ना, प्लीज. लागलं तिला तर?"

"नाय लागनार. तुझा हात मला ठावं हाय."

डॉक्टरबाईंनी चिमुरडीचा हात घट्ट धरला. नट आणि बोट यांच्यामध्ये कशीबशी पत्र्याची पातळ पट्टी सरकवली आणि ती पोरगी बारीक कानशीने घासू लागली. सर दोन्ही हात एप्रनच्या खिशात खुपसून, डोळे मिटून उभे होते. ते फक्त ऐकत होते! "हलू... अजून जाड हाय... आता आवाज बदलला. थांब. बाजू फिरव." पोलाद किती उरलंय हे माणूस कानाने सांगू शकतो, यावर कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता, पण मी तिथे होते. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "पुरे. आता पक्कड लाव." कट्‌ आवाज झाला आणि नटाचे दोन तुकडे फरशीवर पडले. बोटावर साधा ओरखडा नव्हता. चिमुरडीने हुंदका गिळून विचारलं, "माझी अंगठी मोडली?" आणि नववीतली ती पोरगी भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

सगळे पांगल्यावर मी सरांना चहा दिला. त्यांनी खिशातून हात काढले आणि बशीतला कप खडखडू लागला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "गोल्या चालू हायेत. पोरींना मी काय बोललो नाय. पन त्याच एकेक काम माज्या हातातून काढून घ्याला लागल्या. 'सर, आम्ही करतो, तुम्ही सांगा.' मला वाटायचं, मीच लपवतोय."

या महिन्यात ते माझ्याकडे आले. "बाई, तुमचं मराठी चांगलं. मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज लिहून द्या." मी समजावून पाहिलं, ते नुसते हसले. मग मी लिहिला, जमेल तितका कोरडा. त्यांनी टेबलाशी बसून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली. बराच वेळ लागला. सही कललेली पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कागद बाजूला सारला.

"दुसरा द्या."

मी दुसरा लिहिला. मग तिसरा. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, दोघांनाही तास होते, तरी कुणी उठलं नाही. चौथा अर्ज मी मुद्दाम अगदी सावकाश लिहिला.