जयरामच्या गोळ्या आणि आमची रसिकता

डोकं फिरल्याशिवाय माणूस मोठा कलावंत होत नाही, हे मला १९७५ सालच्या एका दिवाळी अंकातून कळलं. लेख चार पानांचा होता आणि त्यातली दोन पानं जाहिरातींची होती. तेवढ्या भांडवलावर मी पुढची सात वर्षं आमच्या वसाहतीत विद्वान म्हणून मिरवलो. मी प्राथमिक शाळेत मास्तर, शिवाय भीमजयंती कमिटीचा सेक्रेटरी. माझ्यासारख्यानं एखादी गोष्ट सांगितली की ती खरी आहे का हे बघायला कोणी जात नसे. मीही गेलो नाही.

सिद्धांत मिळाला म्हणजे उदाहरण हवं. ते आमच्या गल्लीतच राहत होतं. जयराम हा नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीला पाणी सोडणारा माणूस. पुरुषभर लांबीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे पाचला निघायचा, रस्त्यातली झाकणं उचलायचा आणि आटे मोजत एकेक व्हॉल्व्ह उघडायचा. मोजताना गुणगुणायचा. आवाज जाडाभरडा, शिक्षण चौथीपर्यंत, पण जयंतीला पेटी पुढ्यात घेऊन बसला की कॉलेजात शिकवणारी माणसंही मांडी बदलायला विसरत. 'पाण्याला कुठली जात, जात होती घागरीला' ही त्याची ओळ आमच्याकडे बारशापासून पुण्यानुमोदनापर्यंत सगळीकडे गायली जाई.

वर्षाआड होळीच्या सुमारास जयरामला 'लागायचं'. हा आमचा शब्द. मग तो झोपत नसे, जेवत नसे, दिवसाला तीन वह्या भरून लिही, बायकोची भांडी वाटेवरच्या भिकाऱ्याला देऊन टाकी आणि चोवीस तास पाणी सोडून ठेवी. वसाहतीतल्या बायका ज्या वर्षी जयरामचं डोकं फिरे त्या वर्षी गोधड्या धुऊन घेत. अशा वेडाला कोण नावं ठेवणार? जयंतीच्या स्टेजवर तो उभा राहून गाई, नाचे, रडे, श्रोत्यांत उतरून म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडे. आम्ही म्हणायचो, "याला म्हणतात प्रतिभा!"

मे उजाडला की प्रतिभा संपे. मग जयराम चार चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्या खेळाला आम्ही रसिक मंडळी कधी गेलो नाही. तिथे एकटी सुलाबाई असे, त्याची बायको. ती बालवाडीत सेविका होती, सातवी शिकलेली, कमी बोलणारी. ती त्याला घास भरवी, त्याची रजा मंजूर करून आणी, आणि तो विहिरीकडे जात नाही ना यावर लक्ष ठेवी.

१९७९ साली तिनं त्याला नाशकात, शालिमारजवळच्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. आमच्याकडे त्या दवाखान्यात लोक तोंडाला रुमाल बांधून जात. ही उघड्या तोंडानं गेली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि बजावलं की या बंद करायच्या नाहीत. जयराम बरा झाला. दोन वर्षांत एकदाही त्याला 'लागलं' नाही, एकदाही तो भिंतीकडे वळला नाही. सुलाबाईच्या अंगावर जरा मांस आलं.

आमच्यावर मात्र आकाश कोसळलं. जयराम आता बसून गायचा. गाणी नवी असत, चालीही गोड असत, पण साडेनऊ झाले की पेटी मिटून म्हणायचा, "सकाळी पाचला पाणी हाय." ही काय कलावंताची भाषा झाली? त्यात १९८१ च्या जयंतीला गाण्यांच्या सामन्यात निफाडची गायनपार्टी आमच्यावर मात करून गेली. त्यांचा गायक ऐन रंगात स्टेजवरून खाली कोसळला. त्याचा पाय घसरला होता, पण पब्लिकनं वन्समोअर दिला.

"गुरुजी," आमचे अध्यक्ष भिकनराव म्हणाले, "आपला माणूस बरा झाला आन् आपण मेलो." भिकनराव टेलर होते. कापड कापायच्या आधी दोनदा मोजणारा माणूस, पण इथे एकदाही मोजलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत कमिटी बसली आणि असं ठरलं की जयरामनं जयंतीपुरत्या, म्हणजे फक्त दोन महिने, गोळ्या थांबवाव्यात. समाजासाठी! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. त्याला समजावण्याचं काम अर्थातच विद्वानाकडे आलं.

सुलाबाई बालवाडीत असते ती वेळ साधून मी गेलो. जयराम ओट्यावर पाणी पीत बसला होता. त्या गोळ्यांनी त्याला सारखी तहान लागे.

"जय भीम, गुरुजी. या."

मी गोळ्यांचा विषय काढला. त्यानं उजवा हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती.

"हे बघा. पेटीवर बोट नीट बसत नाय. डॉक्टर म्हणतो, चालायचंच."

मला आयतंच सापडलं. मी त्याला तो चार पानी लेख, जाहिराती वगळून, पुरा ऐकवला. म्हणालो, "जयराम, गाणं आणि आजार हे सख्खे भाऊ आहेत. एकाला घराबाहेर काढलं की दुसराही जातो. तू आजाराला हाकललंस, आता गाणंही चाललं."

त्यानं बोटं मुठीत मिटली. "माझी गाणी खाली गेलीत का गुरुजी? खरं सांगा."

मी खरं सांगायला हवं होतं. त्या वर्षीची गाणी मी धड ऐकलीच नव्हती. मी तो कोसळतो कधी याची वाट बघत होतो. पण मी म्हणालो, "गेलीत."

त्यानं गोळ्या बंद केल्या. सुलाबाईसमोर तोंडात टाकायचा आणि मोरीत थुंकायचा. मार्चअखेरीस वसाहतीत दिवसभर पाणी वाहू लागलं आणि बायकांनी गोधड्या काढल्या. भिकनरावांनी मला चहा पाजला.

चौदा एप्रिलला संध्याकाळी सातला जयराम स्टेजवर चढला. पहिला अर्धा तास तो असा गायला की निफाडची मंडळी माना खाली घालून बसली. मग एका ओळीवर आला आणि तिथेच राहिला. तीच ओळ दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा. आणि आम्ही दर वेळी "वाहवा" म्हणत होतो. सुलाबाई बायकांतून उठून स्टेजमागे माझ्याकडे आली.

"गुरुजी, थांबवा त्यांना. हे गाणं नाय. हा आजार हाय."

"वहिनी," मी म्हणालो, "समाधी लागलीय त्याची. मध्ये बोलू नका."

तिनं माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर कोणी बघितलेलं नाही. तेवढ्यात जयराम स्टेजवरून उतरला आणि गर्दीतून निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो टाकीवर गेला आणि होते नव्हते ते सगळे व्हॉल्व्ह उघडून चालता झाला. टाकी रिकामी झाली. वसाहतीला दोन दिवस थेंब मिळाला नाही, तेव्हा गोधड्यावाल्या बायकांना एकदम कळलं की जयराम वेडा आहे.

सहाव्या दिवशी तो दूर डोंगरातल्या हरसूलच्या बाजारात सापडला. चोर समजून लोकांनी त्याला खांबाला बांधलं होतं. पाय सोलून निघाले होते, ओठ फुटला होता. त्याला आणायला सुलाबाई एकटी गेली. मी जाऊ शकलो नाही. शाळेत वार्षिक परीक्षा होत्या आणि माणसानं कर्तव्याला जपायला हवं.

पुढचं वर्षभर जयराम भिंतीकडे तोंड करून होता. नोकरीतून निलंबित झाला. सुलाबाई बालवाडी संपवून दोन घरची धुणी करी. एकदा मी भीत भीत चौकशीला गेलो, तर ती दारातूनच म्हणाली, "आज उठून बसलेत. आता जा."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ८३ च्या अखेरीला तो कामावर परतला, वसाहतीला पुन्हा वेळेवर पाणी येऊ लागलं. पण पेटी त्यानं उघडली नाही. कमिटीनं दोनदा निरोप दिला. त्यानं हसून मान हलवली.

तेव्हा आमच्या रसिकतेनं नवा मार्ग काढला, जयरामच्या गाण्यांचं पुस्तक छापायचं. प्रस्तावना मी लिहिणार होतो, आणि तिचा विषय काय असणार ते सांगायला नको. वह्या मागायला गेलो, तर सुलाबाईनं एक पत्र्याची पेटी पुढे ढकलली आणि तिच्यावर एक शाळकरी वही ठेवली. "ह्या आजारातल्या. आन् ही माझी."

घरी येऊन आधी पेटीतल्या वह्या उघडल्या. सत्तावन्न होत्या. पानंच्या पानं एकच शब्द. मग वसाहतीतल्या माणसांची नावं, प्रत्येकापुढे त्याला कुठल्या देशाचा राजा केलं ते. मला स्वित्झर्लंड मिळालं होतं. पुन्हा तोच शब्द. सत्तावन्न वह्यांत गाणं नावाला एक नव्हतं.

मग सुलाबाईची वही घेतली. सकाळच्या पाण्यावरून येऊन जयराम चहा पिता पिता सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. आम्ही जी जी गाणी छातीवर हात मारून गायलो ती सगळी तिथे होती, आणि प्रत्येकाखाली तारीख. डिसेंबर, जानेवारी, नोव्हेंबर. तो झोपत होता, जेवत होता, कामावर जात होता त्या दिवसांच्या तारखा. आजारात त्यानं ती फक्त आरडून गायली होती. सगळ्यांत चांगली चार गाणी गोळ्या सुरू झाल्यानंतरची होती. शेवटचं तर दोनच कडव्यांचं, अर्धं. खाली फेब्रुवारी १९८२ ची तारीख होती, मी त्याच्या ओट्यावर गेलो त्याच्या आदल्या दिवसाची.

त्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली. संध्याकाळच्या पाण्याच्या वेळी वही घेऊन मी धावतच गेलो. जयराम रस्त्यात वाकून चावी फिरवत होता.

"जयराम, मी चुकलो. आजारानं तुला काही दिलेलं नाही. तू बरा असताना केलीस ही गाणी. या तारखा बघ. हे शेवटचं पुरं कर. काही होणार नाही तुला."

त्यानं वहीकडे नजर टाकली, पण चावी सोडली नाही.

"सुली बी हेच म्हणती. पण ती सातवी शिकलेली, गुरुजी. तुम्ही मास्तर. तुम्ही सांगितलं ते मला लय पटलं. गाणं घरात घेतलं का त्याचा भाऊ मागून येणार. मला सुलीला परत हरसूलला पाठवायचं नाय."

"अरे, ते खोटं होतं!"

"खोटं कसं आसंल?" तो मलाच समजावत असल्यासारखा म्हणाला. "तुम्ही वाचलं होतं ना."

त्यानं उरलेले आटे मोठ्यानं मोजले, चावी उपसून खांद्यावर घेतली आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे गेला. पूर्वी तो मोजताना गुणगुणायचा. आता नुसते आकडे म्हणतो.