टोपीचं घर

माझे बाबा नेमबाज. पिस्तुलाची रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरायचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता, आणि समुद्रपूरच्या आमच्या अंगणात ती चिंचेच्या पाण्यानं धुवायचं काम माझ्याकडे. काडतुसाच्या बुडाला छोटा खळगा असतो. ज्या टोपीवर आघात झाला की बार उडतो, ती त्यात बसवतात. बाबा त्या खळग्याला टोपीचं घर म्हणत.

काही घरांची कड आत दाबलेली असायची, नवी टोपी शिरायचीच नाही. मी चिडून जोर लावायला जायची आणि बाबा माझा हात धरायचे.

"टोपीवर काऊन रागावून राह्यली? घर तंग हाय. कड खरवड, हळू."

मग मी तणतणत बारीक पातं फिरवायची.

यंदा बाळंतपणाला माहेरी गेले. आईनं विणलेली लोकरीची टोपी बाळाच्या डोक्यात जाईना, म्हणून मी ती ओढायला लागले. बाबांनी माझा हात धरला. टोपी घेऊन, चष्मा चढवून ते काठाचे टाके एकेक उसवू लागले.

"घर बराबर हाय," बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत ते म्हणाले, "या वेळी टोपीच तंग हाय."