हयात अपत्ये दोन

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागलेली एखादी मुलगी माझ्याकडे आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, कोणता विषय जड गेला?" तिला वाटतं मी इंग्रजी म्हणेन. जड गेलंच ते. पाटोद्याला बी.ए. करताना मी इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी घेतलं होतं, आणि इंग्रजीच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर माना खाली घालून बसायचो. पण मी तिला सांगते, विषयाचं नंतर बघू. आधी जाहिरात काढ आणि पात्रतेचं पान वाच. बारीक अक्षरातलंसुद्धा वाच. माझी खरी परीक्षा त्या पानावर झाली, आणि ती लोकसेवा आयोगानं नाही, माझ्या सासूबाईंनी घेतली.

माझं माहेर पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्ट्यात. घरी मेंढरं. वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं रानोमाळ असायचे. आमच्या घरात शाळेचं तोंड कुणी बघितलेलं नव्हतं, मी पदवीधर झाले. हे सांगताना माझा आवाज जरा मोठा होतो. होऊ दे.

लग्न होऊन मी चौसाळ्याला आले. मालकांचं हायवेला पंक्चरचं दुकान, थोडं कोरडवाहू रान, दारात शेळ्या. घरात मालकांची आई, धाकटा दीर आणि जाऊ. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. बाई स्वभावानं वाईट नाही, पण एकदा मनात घेतलं की सोडणार नाही. मला पहिली मुलगी झाली, मग दुसरीही मुलगीच. दुसरीचं बारसं आत्यांनी हौसेनं केलं, गावभर घुगऱ्या वाटल्या. आणि पुढं पोरगी पाळण्यात मावेना तेव्हा म्हणाल्या, "पाळण्याची दोरी सोडू नका. लागंल अजून."

धाकटी भाकरी कुस्करून खायला लागली तशी मी गट-क परीक्षेची जाहिरात आणली. लिपिक, कर सहायक, अशी पदं. अंगणात बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. शैक्षणिक अर्हता, कोणत्याही शाखेची पदवी. ती माझ्याकडं होती. टंकलेखनाचं प्रमाणपत्र, ते लग्नाआधीच काढलेलं. वयाची अट वाचताना तर मला आनंदच झाला. लग्न, बाळंतपणं यात माझी वर्षं गेली होती, आणि इथं लिहिलं होतं की मागासवर्गीयांना त्रेचाळीसपर्यंत बसता येतं.

"त्रेचाळीस?" आत्यांनी निवडायची ज्वारी बाजूला सारली. "त्रेचाळीसपातुर मुदत हाय?"

"हाय की."

"मंग लई टाईम हाय. आदी एक पोरगं होऊ दी, मंग बस परीक्षेला. कोण आडवतंय तुला?"

हिशेब बिनचूक होता, आणि तो मीच त्यांच्या हातात दिला होता. मी पान उलटलं. खाली लहान कुटुंबाची अट होती. ती वाचली आणि म्हणाले, "आत्या, तिसरं मूल झालं की सरकारी नोकरी मिळत न्हाई. मंग त्रेचाळीस काय अन् साठ काय."

"नोकरीला पोरं कावून मोजत्यात? पेपर तू लिवणार का पोरं लिवणार?"

मालक हसले. मला हसू आलं नाही. आत्या उठल्या, माझ्या हातातली जाहिरात घेतली. "तूच काही वाचून दावतीस, आमाला कुठं कळतंय," म्हणत शाळेच्या गुरुजींकडं गेल्या. परत आल्या त्या तोंड पाडून.

"गुरुजी बी तेच म्हणले. त्यांला काय जातंय म्हणायला. दोन्ही पोरगेच हायेत त्यांला."

पण दोन अपत्यांचा नियम आमच्या भागाला काही नवा नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही तो आहेच, आणि नियम आहे म्हटल्यावर त्यातून निघायच्या वाटाही लोकांनी काढलेल्या आहेत. आत्यांना त्यातली एक ठाऊक होती. चार दिवस विचार करून त्यांनी ती रात्रीच्या जेवणात काढली.

"तिसरं झालं तर धाकटीच्या नावावर लावू. दवाखान्यात तिचंच नाव सांगायचं. तुज्या कागदावर दोनच राहत्याल."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिला अजून मूल नव्हतं. ती खाली मान घालून भाजी वाढत राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही नाही.

शेजारच्या गावात एका पंचायत सदस्यानं हेच केलं होतं. तिसरं मूल भावाच्या नावावर दाखवलं, निवडून आला. मग झेंडावंदनाला सगळं गाव जमलेलं असताना ते पोरगं गर्दीतून पळत आलं, त्याच्या पायाला मिठी मारून ओरडलं, "पप्पा, मला बुंदी!" विरोधी पार्टीनं तिथल्या तिथं मोबाईलवर काढून घेतलं. सदस्यपद गेलं. ही गोष्ट आमच्या घरात कुणी सर्वांत रंगवून सांगत असेल तर आत्या. पोरगं कसं पळालं तेसुद्धा करून दाखवायच्या.

मी ताटावरून विचारलं, "आत्या, त्या बुंदीवाल्यावानी आपलं लेकरू मला काय म्हणंल?"

"काकू म्हणंल. म्हणायला काय लागतंय?"

"घरात बी काकूच?"

"घरात बी. एकदा सवय लागली की लागली."

"अन् तापानं फणफणलं तर कुणाला हाक मारंल?"

आत्यांचा घास हातातच राहिला. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं कदाचित, पण मला बोलायचं होतं. म्हणाले, "आमच्या घरी वडील कागदावर अंगठा देत होते. घरातली पहिली सही माझी हाय. ती मी खोट्या कागदावर करणार न्हाई. माझ्या पोटचं लेकरू मी दुसऱ्याचं म्हणून सांगणार न्हाई."

"बाई बाई, बी.ए. बोलायला लागली," आत्या म्हणाल्या.

"आई, जेवू दी तिला," मालक म्हणाले. आमचे मालक बोलले तर एवढंच बोलतात. पण त्या दिवशी तेवढं पुरलं.

पुढं वर्षभर मी सकाळच्या गाडीनं बीडला अभ्यासिकेत जायची. दुपारी परत. विसाव्या वर्षाची पोरं-पोरी तिथं, त्यांच्यात मी दोन लेकरांची आई. ती पोरं मला काकू म्हणायची, आणि दर वेळी मला ते जेवण आठवायचं. राज्यघटना मला आवडायची, भूगोल पाठ व्हायचा. गणिताची गोडी लागली ती तिथंच. इंग्रजीला मात्र मी एखाद्या अडेल शेळीसारखं रोज कानाला धरून ओढत नेलं. मालक दुकानात ट्यूब पाण्यात बुडवताना माझ्या वहीतून प्रश्न विचारायचे. उत्तर त्यांना माहीत नसायचं, पण मी अडखळले की ओळखायचे. "हे पक्कं न्हाई," म्हणून पुढं जायचे.

पोरींना आत्या सांभाळायच्या. हे मला खोटं सांगता येणार नाही, त्यांनी नीट सांभाळलं. धाकटी तर त्यांच्याच कुशीत झोपायला शिकली. पण कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "परीक्षेमुळं थांबलोत. सरकारचा नियम हाय ना." मलाही ते बरं पडत होतं. माहेरी, सासरी, बाजारात कुणी पुढच्याचं विचारलं की मी नियम पुढं करायची. नियमाशी कोण भांडणार?

पूर्व परीक्षा निघाली. मुख्य परीक्षेला थोड्या गुणांनी राहिले. इंग्रजीनंच घात केला. मोबाईलवरच्या यादीत मी माझा नंबर पुन्हा पुन्हा शोधला, मग मोबाईल शेजारी ठेवून भांडी घासायला बसले.

आत्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी स्वतः भाकऱ्या केल्या, ठेचा वाटला, मला बसवून जेवू घातलं. मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "झालं की आता. नोकरी न्हाई तर नियम बी न्हाई. आता होऊ दी एक."

त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मला भांडणही करता येईना. इतके दिवस मी ज्याच्या आड उभी होते ते उचलून त्यांनी बाजूला ठेवलं होतं. मी पदराला हात पुसले.

"आत्या, नोकरी लागली तरी दोन, न्हाई लागली तरी दोन. नियम नसता तरी दोनच."

"मंग इतके दिस नियम कावून दावलास?"

"तुमी माझं ऐकलं नसतं. सरकारचं ऐकलं म्हणून."

"नातू नको का मला? मी काय म्हातारी राक्षसीण हाय का?"

"नाती हायेत की दोन. तुमच्याशिवाय झोपत न्हाईत."

"लई शानी हायेस," म्हणून त्या उठल्या आणि शेळ्यांना पाला टाकायला गेल्या. शेळ्यांशी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. त्यात माझं नाव होतंच.

त्याच महिन्यात मी सरकारी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून घेतलं. मालकांनी दुकान बंद ठेवलं आणि माझ्याजवळ थांबले. आत्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दवाखान्यात डबा यायचा. पातळ भाजी, मऊ भाकर, आणि वर तुपाची वाटी, झाकण घट्ट लावलेली. डबा घेऊन येणारी माझी जाऊ म्हणाली, "त्या म्हणत्यात, तिला सांग, तूप सगळं खा. अन् सांगू नको मी सांगितलं म्हणून." मी सगळं खाल्लं.

दुसऱ्या वेळी परीक्षेला बसले तेव्हा कुणी कशासाठी थांबलेलं नव्हतं. हा माझ्यासाठी केवढा फरक होता, ते मला पेपर हातात घेतल्यावर कळलं. पास झाले. लिपिक-टंकलेखक. लोक म्हणतात, "म्हणजे क्लार्कच ना?" हो, क्लार्कच. मी लिहिलेली टिपणी साहेबांच्या टेबलावर जाते आणि तिच्यात चूक नसते. आमच्या डोंगरपट्ट्यातून कुणाची टिपणी अशी कधी गेली होती?

कागदपत्रं तपासायच्या दिवशी मी सगळं ओळीनं लावून नेलं होतं. पदवी, टंकलेखन, जातीचा दाखला. टेबलापलीकडच्या बाईंनी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन हातात घेतलं आणि वाचलं. "हयात अपत्ये दोन." मग चष्म्यावरून बघितलं. "दोन्ही मुली?"

"दोन्ही मुली."

"सही इथं करा." मी पूर्ण नाव लिहून सही केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात धरून ठेवला, मग गठ्ठ्यात लावला.

नोकरी लागली तेव्हा घरी पाहुणे आले. परळीहून आत्यांची थोरली बहीणही आली. चहा व्हायच्या आतच तिनं विषय काढला. "आता सुनबाईला पगार चालू झाला. आता एक पोरगं होऊ द्या बाई, वंशाला."

आत्या पोहे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोनच हायेत आमाला."

"नोकरीचा नियम असंल."

"नियम बियम काय न्हाई. सरकार कोण सांगणार आमाला? आमचं घरचं ठरलेलं हाय. पहिल्यापासून दोनच."

"पहिल्यापासून?" बहिणीला खरं वाटेना. "अगं, तूच तर मला फोनवर…"

"फोनवर नीट ऐकू येत न्हाई तुला. कितीदा म्हणले, मशीन लाव कानाला."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी चहा गाळत होते. हसले असते तर चहा सांडला असता, म्हणून मी मान वर केलीच नाही.