आळणी ताट

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. माझ्या वडिलांना चार पावलं चाललं की धाप लागायची, पाय सुजून टम्म व्हायचे. बैलगाडीनं वसमतला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा जोर कमी झालाय, मीठ एकदम बंद. चवीला लसूण, जिरं, कोथिंबीर, लिंबू काय हवं ते घाला. त्यासाठीच मी सासरहून माहेरी हट्ट्याला आले आणि वाटण वाटायला पाट्यावर बसले.

झालं! हृदयाला लसूण चांगला, एवढंच गावभर झालं. मिठाचं कुणाच्या कानावरच गेलं नाही. जी बाई भेटायला येई ती लसणाची चटणी घेऊन येई, चांगली मीठ घालून रगडलेली. मी ती परत करी आणि वर शिष्ट ठरे. लसूण वाटून वाटून माझे हात भगभगायचे, तरी तीन आठवडे झाले, सूज हटेना. जीव नुसता वैतागून गेला.

एके दिवशी वडिलांच्या ताटातलं वरण बोटानं चाखलं. खारट! मी स्वतः आळणी शिजवलेलं वरण! वाढायचं काम मायचं होतं. तिलाच धरलं.

"काहून घातलंस गं मीठ?"

"आळणी सुतकात खातेत. माणूस समोर बसलेला असताना मी त्याला सुतकाचं ताट वाढू?"

काय बोलावं या बाईला! वडील मान खाली घालून म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं. तिला बरं वाटून राहिलं व्हतं, म्हून खात गेलो."

म्हणजे दोघंही सारखेच! माझं डोकंच फिरलं. "माय, तूच मारून राहिलीस त्यांना," मी म्हणाले.

मायनं पळी माझ्या हातात दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

पुढं त्यांचं ताट मी वाढू लागले, मी सासरी परतल्यावर भावजय. सूज उतरली. वडील शेतापर्यंत चालू लागले, आणखी दोन वर्षं जगले. मायनं मात्र त्यांच्या ताटात पुन्हा कधी एक घास वाढला नाही. मी चिडले, हात जोडले, पाया पडले. "माझ्या हातानं काही झालं तर?" एवढंच म्हणायची. हट्टी बाई! मीठ थांबवायचंच होतं, त्यात माझं काय चुकलं? पण 'तूच मारून राहिलीस' हे वाक्य मी गिळायला हवं होतं. वडील जेवायला बसले की आधी ओट्यावर बसलेल्या मायकडं बघायचे, मग मुकाट्यानं भाकरी मोडायचे.